स्मिताचा अख्खा सिनेमा दाखवा

नेरूळ, सप्टेंबर २०२५

प्रति,
नेरूळ, सीवूड्स, बेलापूर आणि खारघर इथल्या सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्यांचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी पहाटेच्या तुमच्या बैठका एव्हाना सुरू झाल्या असतील. गायक कोण, फराळ कुणाकडून घ्यायचा, गेल्या वर्षीचे कंदील चालतील का, यावरून थोडी वादावादीही झाली असेल. त्यातच माझा एक विषय घ्यावा म्हणून हे पत्र. यंदा वसुबारस १७ ऑक्टोबरला आली आहे आणि तोच स्मिता पाटीलचा जन्मदिवस. असती तर सत्तरीची झाली असती. दोन-तीन समित्यांच्या ग्रुपवर ‘स्मिता विशेष’ करायचं घाटतंय असं कानावर आलं आणि मी धास्तावले. कारण महिला दिनाला असंच एक ‘विशेष’ मी पाहिलंय.

कुठल्या सोसायटीत ते सांगत नाही, मला इथेच राहायचंय. कार्यक्रम बाहेरच्या मंडळींना दिला होता. हॉलच्या दाराशी थर्माकोलचे कापलेले दोन भलेमोठे डोळे, त्यांच्यामध्ये उभं राहून फोटो काढायचा. आत पडद्यावर ‘नमक हलाल’मधलं पावसातलं गाणं, जेमतेम मिनिटभर. मग तिचा फोटो, त्याच्यापुढे हलणारी मेणबत्ती, मागे बासरी. मग प्रश्नमंजूषा. बक्षीस कॅसरोल. प्रश्न पाच: तिचं लग्न कुणाशी झालं? मुलाचं नाव काय? ती गेली तेव्हा वय किती होतं? ‘कुली’तल्या अमिताभच्या अपघाताच्या आधी तिला कसलं स्वप्न पडलं होतं? शेवटच्या प्रवासाला तिला कसं सजवलं होतं?

माझ्या शेजारच्या काकूंना पाचही उत्तरं आली. कॅसरोल त्यांना मिळालं. मी हात वर करून विचारलं, एखाद्या सिनेमाबद्दल प्रश्न नाही का? निवेदिका गोड हसली. म्हणाली, “हो ना काकू, पण आता झुंबा आहे.”

झुंबा झकास झाला. तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती या तुकड्यांबद्दल. डोळे वेगळे, पावसातली साडी वेगळी, मरण वेगळं. या बाईने जेमतेम बारा वर्षांत मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, मल्याळम अशा भाषांतून काम केलं. बेनेगल, मृणाल सेन, सत्यजित राय, अरविंदन, केतन मेहता, जब्बार पटेल यांच्यासारख्यांनी तिला घेतलं, आणि आपण तिची दीड तासात प्रश्नमंजूषा करून मोकळे होतो. हे तुकडे करणं ती जिवंत असतानाही चाललेलं होतं. ‘चक्र’ आठवा. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, झोपडपट्टीत जगणाऱ्या एका आईचा सिनेमा. त्यात उघड्यावर आंघोळीचा एक प्रसंग आहे. झोपडपट्टीत राहणारी बाई आंघोळ कुठे करणार? पण जाहिरातीसाठी नेमका तोच उचलला गेला. तिला ते पटलं नव्हतं आणि तिने ते बोलून दाखवलं होतं. त्याच कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘भूमिका’नंतरचा दुसरा. पोस्टर लावणाऱ्यांनी जे केलं तेच आपण मोबाइलवर करतो, एवढंच.

आता मी कोण, हे विचारलंत तर सांगते. मी सिनेमावाली नाही. २६ वर्षं सरकारी महिला वसतिगृहांतून आणि आधारगृहांतून नोकरी केली, शेवटी अधीक्षिका म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे ‘उंबरठा’वर माझा थोडा जास्तच हक्क आहे असं मी धरून चालते.

१९८२ साली तो आला तेव्हा आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहत होतो. मी नोकरीच्या परीक्षेला बसले होते, निकाल चांगला होता, नेमणूक बाहेरगावी मिळणार हे नक्की होतं. मुलगा चार वर्षांचा. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ठाण्यात मिळाली तर कर, नाहीतर घरचं काय कमी आहे? अशा वेळी मी त्यांना ‘उंबरठा’ला घेऊन गेले. ही बदमाशी होती, कबूल करते. पण त्यांना वाटलं हृदयनाथांचं संगीत आहे, लताबाईंची गाणी आहेत, म्हणून त्या हौसेने आल्या. हिरवी इरकल नेसून.

सिनेमा तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. शांता निसळांची ‘बेघर’ ही कादंबरी, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन ही शिकलेली, सुखवस्तू घरातली बाई लहान मुलीला जावेकडे सोडून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून जाते. तिथे संस्थेची कमिटी असते, आमदार असतो, भानगडी असतात. ती परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं. ती पुन्हा निघते.

सुटल्यावर आम्ही गोखले रोडने चालत निघालो. सासूबाई गप्प. मला वाटलं चिडल्या. राम मारुती रोडचं वळण आलं तेव्हा म्हणाल्या, “नवऱ्याचं चुकलंच. पण हिनं पोरीला जास्त पत्रं लिहायला हवी होती.” आणि थोडं पुढे गेल्यावर, “तुझी ऑर्डर आली की सांग. भाजणी करून ठेवते.”

त्यांचं मन सिनेमामुळे वळलं की आधीच वळलेलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. ऑर्डर आली ती पुढच्या वर्षी. पाच किलो भाजणीचा डबा मी एसटीच्या टपावर चढवला होता. मी मात्र पोराला आठवड्याला दोन कार्डं लिहायची.

नोकरीत शिरल्यावर त्या सिनेमातलं एक एक कळत गेलं. आमच्या कामात पहिली गोष्ट शिकतो ती हजेरीपट किंवा साठा नोंदवही नाही. शिकतो ती ही की आपण ऑफिसचं दार उघडलं की चाळीस-पन्नास बायका आपला चेहरा वाचतात. बाई आज रागात आहेत का? बाईंकडे अर्ज न्यायचा का? आठ-दहा महिन्यांत आपला चेहरा मिटायला शिकतो. सुरुवातीला चटकन हसणारी सुलभा उत्तरार्धात तशी हसत नाही. कुणी तिला सांगत नाही, ती स्वतःही म्हणत नाही की मी बदलले. फक्त उत्तर द्यायला लागणारा वेळ लांबतो. हे दोन-सव्वादोन तास सलग बसल्याशिवाय दिसत नाही. ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ ही सुरेश भटांची गझल तुम्ही दिवाळी पहाटेला हटकून घेता, गायिका छान आळवतेही. पण सिनेमात ते एकट्या बाईच्या संध्याकाळचं गाणं आहे. क्वार्टरमधली अशी संध्याकाळ मी काढलीय. कामवाली जेवण झाकून गेलेली असते, पहारेकरी रेडिओ लावतो, आणि कुणाशी बोलावं असं कुणीच नसतं. ते गाणं ऐकलं की मला अजून तो रेडिओ ऐकू येतो.

माझा दुसरा हक्क खानदेशचा. माझं माहेर तिकडचं. आमच्याकडे स्मिता म्हणजे आधी ‘शिवाजीरावांची पोर’. शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे, समाजवादी, स्वातंत्र्यसैनिक, पुढे मंत्री झाले. २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई परिचारिका होत्या, समाजकार्यातल्या. पोर जन्मली पुण्यात, वाढली राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात. सेवा दलाच्या पोरांना उन्हात चालायची आणि कुणाच्याही ओसरीवर मांडी घालून जेवायची सवय असते. तिच्या कामात मला सगळ्यात आधी दिसतं ते हेच, डोळे नंतर. पुढे ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हे तुम्हाला माहीतच असेल, त्याचाही रील निघालाय.

‘मंथन’च्या वेळची गोष्ट बेनेगल सांगायचे. गुजरातेतल्या खेड्यात चित्रीकरण चाललं होतं, बघायला आलेली माणसं विचारत, हिरोईन कुठाय? ती तिथल्या बायकांत बसलेली असायची आणि कुणाला ओळखता यायची नाही. तुम्ही तिचं उकिडवं बसणं बघा. शहरातल्या नट्या उकिडव्या बसल्या की टाचा उचलल्या जातात आणि तोल सांभाळायला हात टेकतो. हिचं पूर्ण पाऊल जमिनीला. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईचं असतं तसं.

‘मंथन’चाच आणखी एक हिशोब समितीपुढे ठेवते, कारण तुमचा खजिनदार हे पत्र वाचत असणार. तो सिनेमा १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये घालून काढला. त्याची डागडुजी केलेली प्रत २०२४ साली कानच्या महोत्सवात दाखवली गेली, त्याच वर्षी आपल्याकडेही चित्रगृहांत लागली. पन्नास वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या दोन रुपयांतून झालेलं काम अजून टिकलंय. आमच्याकडे महिला दिनाची वर्गणी माणशी ३०० होती. फुग्यांची कमान संध्याकाळी कचऱ्यात गेली.

‘भूमिका’बद्दल मी लिहायला बसले तर पत्र संपणार नाही, म्हणून थोडक्यात. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन, त्यावरून बेनेगलांनी केलेला सिनेमा. एका नटीने दुसऱ्या नटीचं आयुष्य उभं करायचं, तेही वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, कोवळ्या पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंत. त्यातली उषा बऱ्याचदा चुकते आणि सिनेमा तिला माफी मागायला लावत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या फायलींत ‘वर्तणूक’ असा एक रकाना असायचा. मी तो भरताना पुष्कळदा उषा आठवायची आणि पेन खाली ठेवायची. वरिष्ठांना हे आवडायचं नाही.

तिचे सगळेच सिनेमे थोर होते असं कुणी म्हणू नये. पुढच्या काही वर्षांत तिने पुष्कळ सुमार धंदेवाईक सिनेमेही केले, त्यातले दोन मी पैसे देऊन बघितले आणि अर्ध्यातून उठले. पण तिने त्याचं कारण लपवलं नव्हतं. पाचेक वर्षं तिने मोठ्या बॅनरना नकार दिला. मग छोट्या सिनेमावाल्यांनाच नावाजलेल्या नट्या हव्याशा झाल्या आणि हिला एक-दोन ठिकाणांहून परस्पर काढून टाकलं. तेव्हा तिने ठरवलं की आपणही नाव कमवू. नोकरीत ज्येष्ठता डावलली गेलेल्या कुणालाही हे समजेल. ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ ज्या वर्षी आले त्याच १९८२ मध्ये ‘उंबरठा’, ‘अर्थ’ आणि ‘बाजार’ही आले. तुमच्या निवेदिकेला त्या वर्षातलं नेमकं पावसातलं गाणंच सापडलं. ‘शबाना की स्मिता’ हा वाद मात्र कृपा करून घेऊ नका, त्यावर इतक्या शिळोप्याच्या गप्पा झाल्यात की आता कंटाळा येतो.

आणि आता आपल्या अंगणातली गोष्ट. तुमच्यापैकी निम्मे लोक शनिवार-रविवारी गोवा हायवेने कोकणात उतरतात. पनवेल सोडलं की डावीकडे तो अंगठा दिसतो, कर्नाळ्याचा सुळका. पोरं विचारतात, बाबा तो डोंगर असा का? बाबा सांगतात, पक्षी अभयारण्य आहे. खरंच आहे. पण गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही कादंबरी याच सुळक्याच्या परिसरात घडते, इथल्या ठाकरवाड्यांत. सुळक्याच्या कपारीत आग्या मोहोळं लागतात, अजूनही, जाणकार तिथे धूर-बिडी करू देत नाहीत. कादंबरीतला नाग्या त्या मोहोळातल्या राणीमाशीवर उलटलेला, कारण तिने त्याचा डोळा घेतलेला. १९७७ साली जब्बार पटेलांनी त्यावर सिनेमा केला. उषा मंगेशकरांची निर्मिती, हृदयनाथांचं संगीत, ना. धों. महानोरांची गाणी, मोहन आगाशे नाग्या आणि स्मिता चिंधी.

त्यातल्या ‘मी रात टाकली’वर तुमच्या सोसायटीतल्या पोरी दर गणपतीत नाचतात. लुगडी भाड्याने आणतात, पेनने गोंदण काढतात. नाच चांगला बसवतात, मी टाळ्याही वाजवते. पण त्यातल्या एकीला विचारलं, ही बाई नेमकं काय टाकतेय? ती म्हणाली, “काकू, रात्र.” चिंधी लग्नाचा नवरा सोडून आपल्या मनातल्या माणसाकडे चाललीय, उजळ माथ्याने, जमातीसमोर. साध्याशा ठाकर पोरीचा हा निर्णय आणि त्या निर्णयाचा आनंद त्या गाण्यात आहे. हे कळल्यावर पाय वेगळे पडतील. कदाचित काही आयाच गाणं बदला म्हणतील, तेही चालेल. निदान कशाला नाही म्हणतोय ते तरी त्यांना कळेल. शेवट मी सांगत नाही. बघा आणि मग पुढच्या वेळी कर्नाळ्याखालून जा.

त्या सिनेमातली ती आणि ‘उंबरठा’तली ती, या दोन बायका एकाच बाईने केल्यात हे एका आठवड्यात बघितलं ना, तर बाकी भाषणाची गरज नाही. चिंधीची मान कशी असते आणि सुलभाची कशी, एवढंच बघा.

ती गेली १३ डिसेंबर १९८६ ला. बाळ पंधरा दिवसांचं होतं. बाळंतपणानंतरची गुंतागुंत. मी तेव्हा बाहेरगावी ड्युटीवर होते. दुसऱ्या दिवशी पेपर आला, माझ्या टेबलावरून तो आतल्या खोलीत गेला आणि परत आला तेव्हा पहिल्या पानाला चौकोनी भोक होतं. सरकारी वर्तमानपत्र कापणं म्हणजे नियमाने शिस्तभंग. मी शोध घेतला नाही. पुढे कधीतरी लोखंडी कपाटाच्या दाराला आतून, खळीने चिकटवलेला तो फोटो दिसला. कपाट ज्या मुलीचं होतं तिलाही बाळंतपणानंतरच कुणीतरी आमच्या दाराशी सोडलं होतं. तिने स्मिताचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. आमच्याकडे महिन्यातून एकदा टीव्हीवर सिनेमा लावायची परवानगी असे, कमिटीने पास केलेला. ‘उंबरठा’ मी तीनदा सुचवला. तिन्ही वेळा पौराणिक लागला. त्याबद्दल मी कुणाला आता काही म्हणत नाही, पण तुमच्यापुढे चौथ्यांदा सुचवतेय हे लक्षात असू द्या.

तिच्या मरणानंतर ‘मिर्च मसाला’ आला. सुभेदाराच्या मुस्काटात मारून मिरचीच्या कारखान्यात शिरलेली सोनबाई, आणि दार लावून उभा राहिलेला म्हातारा पहारेकरी. माझ्या नोकरीत मला असे दोन पहारेकरी भेटले. एक अजून कोपरखैरण्याला राहतो. त्यालाही बोलवायचं आहे मला.

तर मागणं हे. १७ तारखेला वसुबारस, शुक्रवार, बायका चकलीच्या सोऱ्याला जुंपलेल्या, तेव्हा त्या दिवशी काही ठेवू नका. रविवार १२ ऑक्टोबर बघा, संध्याकाळी पाच. ‘जैत रे जैत’. ‘उंबरठा’ दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी. हॉल आहे, प्रोजेक्टर आहे, क्रिकेटची फायनल तुम्ही त्याच्यावरच दाखवलीत. आवाज घुमतो, म्हणून मागच्या भिंतीला सतरंज्या टांगाव्या लागतील, हे वॉचमनदादा सांगतील. मोबाइलवरून उतरवलेली प्रत लावू नका, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना रीतसर पत्र टाकून परवानगी घ्या. ते पत्र मी लिहून देते, २६ वर्षं तेच केलंय. प्रमुख पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ नको, दीपप्रज्वलन करायचंच असेल तर दोन मिनिटांत उरका. मधे कुणी माइकवरून पार्किंगमधल्या गाडीचा नंबर सांगायचा नाही. लहान मुलं येऊ देत, रडली तर आईने नव्हे, बाबाने बाहेर न्यायचं.

आणि सिनेमा संपला की लगेच लाइट लावू नका.

चहा माझ्याकडे. १२० कपांपर्यंत मी आणि शेजारच्या काकू करू, कॅसरोलवाल्या त्याच. त्यांनी ‘उंबरठा’ बघितलेला नाही असं मागाहून कळलं, त्यामुळे त्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवा. कागदी कप नकोत, सोसायटीच्या कोठीत स्टीलचे पेले आहेत, किल्ली सेक्रेटरींकडे असते.

कळावे,
आपली,
एक निवृत्त अधीक्षिका, नेरूळ